कोरम कधीच भरत नाही, कार्यकारिणी नऊ वर्षं तीच. नव्या चिटणिसानं सुरुवात कुठून करावी?

ध्रुवमत्स्य यांचा प्रश्न

आमचं हौशी आकाशनिरीक्षकांचं मंडळ आहे. नोंदणीकृत, ना-नफा, सभासद ४१२. गेल्या वर्षापासून मी चिटणीस आहे. झालो कसा, तर आधीचे चिटणीस सभेत म्हणाले, ‘आता मला मोकळं करा’, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घालायच्या आत टाळ्या वाजल्या.

मागच्या महिन्यात वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. घटनेप्रमाणे कोरम (सभा चालवायला लागणारी किमान हजेरी) एक चतुर्थांश, म्हणजे १०३. आले २६. मग नेहमीप्रमाणे अर्धा तास थांबून त्याच जागी तहकूब सभा, जिला कोरमची अट नाही. जुनी इतिवृत्तं काढून पाहिली तर गेली नऊ वर्षं हेच चाललंय. नोटिशीतच छापलेलं असतं: ‘सभा सायं. ६ वा. कोरमअभावी तहकूब झाल्यास सायं. ६.३० वा.’ आता लोक येतातच साडेसहाला. चिटणीस व्हायच्या आधी मीही साडेसहालाच जायचो.

कार्यकारिणी नऊ जणांची, दरवर्षी सगळ्या जागा मोकळ्या होतात, आणि नवातले सात जण नऊ वर्षं तेच आहेत. मतदान एकदाही झालेलं नाही. इतिवृत्तात दरवर्षी एकच ओळ: ‘कार्यकारिणी बिनविरोध निवडून आली.’ ती आम्ही जरा अभिमानानंच वाचून दाखवतो.

यात कुणी खलनायक नाही, आणि अडचण तीच आहे. हिशेब चोख. अध्यक्ष सत्तरीचे, थंडीत रात्र रात्र उभं राहून पोरांना शनीची कडी दाखवणारे. पण या सभेत ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये त्यांनी मांडलं की जुनी आठ इंची दुर्बीण विकून टाकू आणि संगणकावर चालणारी नवी घेऊ. सूचक एक, अनुमोदक एक, ठराव सर्वानुमते मंजूर. चार मिनिटंसुद्धा लागली नसतील. त्या दुर्बिणीचा आरसा एकवीस वर्षांपूर्वी सभासदांनी स्वतः घासून केलाय. काचेवर काच, मधे कार्बोरंडमची ओली पूड, पिंपाभोवती एक एक पाऊल सरकत महिनोन्‌महिने. तेव्हा ज्यांची बोटं सोलवटली होती त्यांना ठराव कळला तो ग्रुपवर. मग काय, एका रात्रीत दीडशे मेसेज. ‘कुणाला विचारून?’

अध्यक्षांचं म्हणणं, ‘सभेला यायचं नाही आणि ग्रुपवर डरकाळ्या फोडायच्या.’ मला ते खोटं पाडता येत नाही. आणि समोरच्यांचा राग तरी कुठे खोटा आहे?

विचारायचंय ते हे: कोरम खाली आणू? ऑनलाइन मतदान सुरू करू? की एका माणसाला सलग किती वर्षं राहता येईल याची मर्यादा घटनेत घालून घेऊ? सगळं एकदम करायला गेलो तर माझीच गच्छंती होईल.

---

सरळहिशेब

कोरम दहा टक्के करा, ऑनलाइन मतदान घ्या, मोकळे व्हा. लोकांना तारे बघायचे असतात, ठराव नाही. ४१२ पैकी २६ येतात याचा अर्थ ३८६ जणांना बरं चाललंय असं वाटतं. हौशी मंडळाला संसदेचा थाट कशाला?

---

माजीचिटणीस

सरळहिशेब, न आलेला माणूस खूश आहे असं धरून मीही बारा वर्षं काढली. फार सोयीचं असतं ते.

मी एका सभासद-संस्थेचा चिटणीस होतो. कोणत्या, ते राहू द्या. ध्रुवमत्स्य, तुमचा प्रश्न वाचताना मला माझीच इतिवृत्तं वाचतोय असं वाटलं. म्हणून मर्यादा, टक्केवारी यांच्याआधी मी स्वतः काय केलं ते सांगतो. यातलं एकही नियमाबाहेरचं नव्हतं.

एका वर्षी कोरमला एक सही कमी पडत होती. पन्नास झाल्या होत्या, एक्कावन्न हव्या होत्या. मागे माइकवाला वायरी जोडत होता. कधीकाळी तो सभासद झाल्याचं मला आठवत होतं. मी रजिस्टर घेऊन त्याच्याकडे गेलो, थकलेली वर्गणी तिथल्या तिथे भरून घेतली, पावती फाडली, सही घेतली. वायरीच्या धुळीनं काळा झालेला त्याचा अंगठा त्या पानावर उमटला, तो अजून आहे. सभा सुरू झाली. नियमाप्रमाणे सगळं बरोबर. पण त्या दिवशी मला कळलं की कोरम ही चीज माझ्या खिशातल्या पेनात असते. एकदा हे कळलं की माणूस बिघडायला सुरुवात होते.

दुसरी गोष्ट नोटिशीची, आणि तुमचं खरं दुखणं मला इथे दिसतंय. आमची नोटीस सभेच्या एकवीस दिवस आधी काढायची होती. उमेदवारी अर्ज पंधरा दिवस आधी पोचायला हवेत, असं दुसऱ्या एका कलमात होतं. दोन्ही कलमं वेगवेगळ्या वर्षी आली होती, त्यामुळे ती कुणी शेजारी ठेवून वाचलीच नव्हती. नोटीस मी नेमकी एकविसाव्या दिवशी टाकायचो. म्हणजे निवडणूक आहे हे कळून अर्ज आणायचा, सूचक-अनुमोदक गाठायचे, सह्या घ्यायच्या आणि तो पोचवायचा, या सगळ्याला सहा दिवस. टपालाचे दोन वजा करा. अर्ज कुणाकडे तयार असायचे? ज्यांना तारीख आधीपासून ठाऊक होती त्यांच्याकडे, म्हणजे आमच्याकडे. कुणी कट केला नव्हता. तरी बारा वर्षं बिनविरोध!

तुमच्या घटनेतल्या या दोन तारखा काढा आणि वजाबाकी करा. मग बोलू.

तिसरं, मतदार यादी. वर्गणी थकली की नाव कटतं, ते ठीकच आहे. पण मुदतीच्या आठवड्यात आठवणीचा फोन कुणाला जातो? मी ज्यांना ओळखायचो त्यांनाच करायचो. बाकीच्यांना परिपत्रक. पाच-सहा वर्षांत यादी आपोआप माझ्या ओळखीच्यांची झाली. मत मोजण्याच्या कितीतरी आधी निकाल तिथे ठरलेला असतो.

चौथं म्हणजे ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. सभेच्या कामकाजात यापेक्षा लबाड वाक्य मी पाहिलेलं नाही. विषयपत्रिकेवर विषय दिसला असता तर आरसा घासणारे आले असते. तुमच्या २६ चे १२६ झाले असते. आयत्या वेळी फक्त माहिती द्यावी, अभिनंदन करावं. पैसा, मालमत्ता, घटना यांना तिथे हात लावू नये. आणि तहकूब सभेत तर मूळ विषयपत्रिकेबाहेरचं काहीच घेऊ नये. तुमचा ठराव या दोन्ही दारांतून आत आलाय. तुमच्या घटनेत तहकूब सभेचं कलम नीट वाचा, हा ठराव टिकेल की नाही याचीच मला शंका आहे.

रॉबर्ट मिशेल्स नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९११ मध्ये मांडलं होतं की संघटना आली की मूठभरांची सत्ता येणारच. गंमत अशी की त्यानं सत्तापिपासूंचा अभ्यास केला नव्हता. लोकशाहीची शपथ घेतलेल्या समाजवादी पक्षांचा, मुख्यतः जर्मनीतल्या, केला होता, आणि तो स्वतः त्या पक्षात राहून आला होता. त्यानं दिलेली कारणं वाचली आणि मला घाम फुटला: काम करून करून नेत्याला कसब येतं, कागद त्याच्याकडे असतात, आणि सभासदांना त्याचे उपकार वाटतात. सभासद-रजिस्टर बारा वर्षं माझ्या कपाटात होतं. किल्ली कुठे असते ते फक्त मला माहीत. ‘तुमच्याशिवाय संस्था चालणार नाही हो’ हे मी किती वेळा ऐकलं असेल! प्रत्येक वेळी बरंच वाटलं.

याला अपवादही सापडला आहे. उत्तर अमेरिकेतल्या छापखान्यांमधल्या कंपोझिटरांच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांच्या, संघटनेत दोन पक्ष होते आणि ते आलटून पालटून निवडून यायचे. लिप्सेट, ट्रो आणि कोलमन या तिघांनी त्यावर अभ्यास करून १९५६ मध्ये तो प्रसिद्ध केला. लिप्सेटचे वडील त्याच संघटनेत होते, म्हणजे घरचाच मामला. त्यांना दिसलं ते असं की या कामगारांच्या पाळ्या आडवेळच्या, त्यामुळे त्यांची मैत्री, खेळ, क्लब सगळं आपापसातच. तिथे अध्यक्षाला न विचारता दहा माणसं जमू शकत होती, आणि निवडणूक हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच क्लबात ताठ मानेनं बसू शकत होता. तुमच्याकडे असे गट आहेत का? आरसा घासणारे, फोटो काढणारे, शाळांमध्ये जाणारे? असतील तर त्यांना सभासदांना थेट पत्र पाठवायची सोय द्या, अध्यक्षांमार्फत नव्हे. माझ्या मते मुदत-मर्यादेपेक्षा याचा उपयोग जास्त. मर्यादा घातली की जुने अध्यक्ष ‘मार्गदर्शक’ होतात आणि खुर्चीत त्यांचा भाचा बसतो.

---

मतपेटी

वरचं पटलं. दोन गोष्टी आकड्यांच्या आहेत, त्या मी घेतो. मोजणीचं काम मी बऱ्याच मंडळांसाठी केलंय.

कोरम टक्क्यांत ठेवला की संस्था वाढते तसा तो माणसांच्या आवाक्याबाहेर जातो. ‘डेबियन’ ही संगणकप्रणाली जगभरचे स्वयंसेवक मिळून बनवतात. त्यांच्या घटनेत कोरम वर्गमुळावर आहे: सभासदसंख्येच्या वर्गमुळाची निम्मी संख्या, तिची तिप्पट. तुमचे ४१२, वर्गमूळ साधारण २०.३, निम्मे १०.१५, तिप्पट म्हणजे ३० आणि थोडं. तुमच्याकडे २६ आले. जुन्या नियमानं ७७ माणसं कमी पडली, या नियमानं पाच. पाच जणांना फोन करता येतो. सत्त्याहत्तर कमी असले की लोक थेट साडेसहाला येतात.

आणखी एक: तिथे आलेली डोकी मोजत नाहीत. ‘यापैकी काहीच नको’ हा पर्याय मतपत्रिकेवर कायम असतो आणि ठरावाला त्याच्या वर ठेवणारी निदान तितकी मतं लागतात. हजेरीवर कोरम ठेवला की विरोधकांचं सर्वांत धारदार हत्यार म्हणजे घरी बसणं. इटलीत कायदा रद्द करण्यासाठीच्या सार्वमताला निम्म्याहून जास्त मतदारांची हजेरी लागते. २००५ मध्ये कृत्रिम गर्भधारणेच्या कायद्यावर सार्वमत झालं तेव्हा चर्चनं लोकांना मतदानालाच जाऊ नका असं सांगितलं. हजेरी २६ टक्क्यांच्या आसपास राहिली, आणि ‘नाही’ म्हणायला बाहेर न पडता ‘नाही’ जिंकलं.

दुसरं, मतदान झालंच तर कसं. नऊ जागा आणि प्रत्येकाला नऊ मतं अशी पद्धत असेल तर सावध राहा. साठ जणांनी मत दिलं आणि त्यातले एकतीस एका पॅनेलचे असले तर नऊच्या नऊ जागा त्यांच्या. एकोणतीस जणांच्या हाती शून्य. मग ते पुढच्या वर्षी येत नाहीत आणि आपण म्हणतो, सभासदांना आस्था नाही. एकल संक्रमणीय मत घेतलं, म्हणजे पसंतीक्रम लावून एकच मत, जसं आयर्लंड आणि माल्टामध्ये देतात, तर साठ मतांत नऊ जागांसाठी निवडून यायला सात पुरतात. तोच गट पाच जागा घेईल, समोरचे चार. मोजणीला दोन तास जास्त लागतात, पण कागदावर होते.

दरवर्षी एक तृतीयांश जागा मोकळ्या करा असं कुणी सुचवेल. अनुभव टिकतो, पण एका वेळी तीनच जागा आल्या की निवडून यायला साठातली सोळा मतं लागतात आणि छोटा गट पुन्हा बाहेर. दोन्ही हवं असेल तर दोन वर्षांआड चार-पाच जागा असं काहीतरी मधलं काढावं लागेल.

ऑनलाइनबद्दल: नाव-नंबर घेणाऱ्या साध्या फॉर्मवर मतदान घेऊ नका. कुणी कुणाला मत दिलं हे फॉर्म बनवणाऱ्याला दिसतं, आणि तो फॉर्म चिटणीसच बनवतो. माजीचिटणीसांच्या पेनासारखंच झालं ते.

---

सरळहिशेब

माइकवाल्याचं वाचून हसलो. नोटिशीची वजाबाकी वाचून मात्र नाही. आमच्या संस्थेची नोटीस काढून पाहिली. मध्ये नऊ दिवस आहेत. माझा आधीचा सल्ला जरा घाईचा होता.

एक मात्र अजून म्हणतो. वर्षातून एक सभा, तीही हिशेब, अहवाल आणि आभार. कोण येईल? १८४४ मध्ये रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांनी सहकारी दुकान काढलं. भाग कितीही असले तरी माणशी एकच मत, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांच्या नियमात सर्वसाधारण सभा दर तिमाहीला होती. वर्षात चार वेळा भेटणाऱ्या माणसांना सभा म्हणजे समारंभ वाटत नसणार.

---

ध्रुवमत्स्य

सगळ्यांचे आभार. वजाबाकी केली. नोटीस एकवीस दिवस आधी, अर्ज चौदा दिवस आधी, म्हणजे हातात सात दिवस. आणि मी ईमेल कधी पाठवला होता? शुक्रवारी रात्री पावणेबाराला, शेवटच्या दिवशी. बहुतेकांनी तो सोमवारी पाहिला असणार, म्हणजे उरले चार. हे मीच केलंय, आणि पाठवल्यावर ‘चला, मुदतीत गेलं’ म्हणून निवांत झोपलो होतो.

तहकूब सभेचं कलमही वाचलं. ‘मूळ विषयपत्रिकेवरील कामकाजच चालवता येईल’ असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे दुर्बिणीचा ठराव घटनेबाहेरचा. गेल्या नऊ वर्षांत असे आणखी किती झाले ते मोजायला बसलो होतो. अकरावर थांबलो.

काल अध्यक्षांकडे गेलो. कागद समोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले, ‘विशेष सभा बोलावू. पण सभासद विकू नका म्हणाले तर?’ मी म्हटलं, तर राहील. त्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘दोन वर्षांपूर्वी तिचा आरसा काढून धुतला तो मी एकट्यानं. हाताला धरायला कुणी नव्हतं. आता मला उचलवत नाही रे, म्हणून विकतोय.’ हे त्यांनी सभेत सांगितलंच नव्हतं. सांगायला चार मिनिटांत वेळ कुठे होता?

विशेष सभेची नोटीस पस्तीस दिवस आधी काढतोय. विषय एकच. दुर्बीण ठेवायची तर तिची निगा कोण राखणार, नावं द्या, हे त्याच नोटिशीत. त्यात साडेसहा ही वेळ छापलेली नाही. कोरम नाही भरला तर सभा होणार नाही, दुसरी तारीख काढू. वर्गमुळाचा प्रस्ताव आणि अर्जाची मुदत वार्षिक सभेला घेईन. पसंतीक्रमाचं मतदान अजून मलाच नीट समजलेलं नाही. मतपेटी, तुम्हाला छळणार आहे. सभासद-रजिस्टरची प्रत खजिनदारांकडे आणि अजून एका सभासदाकडे दिली, तेवढं आज झालं.

माजीचिटणीस, एक राहूनच गेलं. त्या माइकवाल्याचं पुढे काय झालं? सभासद राहिला का?

---

माजीचिटणीस

राहिला. पुढच्या वर्षी सभेच्या आधी माझ्याकडे आला होता, उमेदवारी अर्ज मागायला. मी त्याला सांगितलं, मुदत काल संपली.